गाडी घेताना "किती देते?" विचारतो, आणि टायर घेताना गप्प बसतो

पोस्ट मोठी आहे. चारचाकी असेल तर वाचाच, आणि घरातलं कुणी टॅक्सी, टुरिस्ट किंवा स्कूल व्हॅन चालवत असेल तर त्याला वाचून दाखवा. विषय टायरचा आहे. हसू नका, पैशाचा विषय आहे.

गेल्या वर्षी इथेनॉलवरून आपण सगळ्यांनी केवढा गोंधळ घातला आठवतंय ना? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, ॲव्हरेज पडलं, इंजिन खराब होणार, सरकारने फसवलं. चौकात, चहाच्या टपरीवर, ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मीही त्यात होतो. तो राग चुकीचा नव्हता. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो आणि त्यानंतरच्या गाड्यांना १ ते २ टक्के. तेवढ्यासाठी आपण सरकारला धारेवर धरलं. धरायलाच पाहिजे.

पण मग एक सांगा. तेवढाच फटका, किंवा त्याहून मोठा, आपण दर तीन-चार वर्षांनी स्वतःच्या हाताने, रोख पैसे मोजून, चहा पीत पीत गाडीला बसवून घेतो, त्याचं काय? त्यावर कुणी एक अक्षर बोलत नाही. कारण कुणी सांगतच नाही. आणि सांगायची ज्यांची जबाबदारी आहे त्यांनी ती पार पाडलेली नाही. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे ऐकीव बोलतोय असं वाटणार नाही.

माझी गाडी साधी पेट्रोल सेडान. कंपनीकडून टायर आले ते १६५/८० आर १४. शेहेचाळीस हजार किलोमीटर चालले, मग गोटे झाले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी साताऱ्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण दुसऱ्या दुकानात गेलो असतो तरी हेच झालं असतं. दुकानदार भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "साहेब, एकशेपासष्ट काय घालताय? सायकलचा टायर दिसतो. एकशेपंच्याऐंशी टाका. याच रिमवर बसतो. गाडी भारदस्त दिसते, रोडला चिकटून चालते."

मी विचारलं, "ॲव्हरेजला काही फरक?"

"टायरचा आणि ॲव्हरेजचा काय संबंध साहेब? ॲव्हरेज इंजिनचं असतं. सर्व्हिसिंग वेळेवर करा."

बसवले चार टायर. १८५/७० आर १४. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन धरून वीस हजारांच्या आसपास बिल झालं. गाडी खरंच भारदस्त दिसायला लागली. शेजारी म्हणाले, छान दिसतेय.

आता माझी एक खोड आहे. मी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशोब वहीत लिहितो. बायको हसते, पण लिहितो. जुन्या टायरवरच्या शेवटच्या पाच टाक्यांची सरासरी १८.२. नव्या टायरवरच्या पहिल्या पाच टाक्यांची १६.७. रस्ता तोच, सातारा-कराड, आठवड्यातून तीन वेळा. चालवणारा तोच. पंप तोच.

मी लगेच दुकानदाराच्या नावाने शंख केला नाही. आधी डोकं लावलं. प्रामाणिक हिशोब करायचा तर दोन गोष्टी वजा केल्या पाहिजेत, त्या तुम्हीही करा.

एक, मीटर. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. घासलेल्या टायरचा घेर कमी झालेला असतो, म्हणजे तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. माझ्या जुन्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटरवरून २ वर आली होती. म्हणजे टायरचा व्यास ६२० मिलिमीटरवरून ६०८ वर. नव्या टायरचा व्यास ६१५ च्या आसपास. फरक एक टक्क्याचा. म्हणजे जुनं १८.२ थोडं फुगलेलं होतं हे कबूल.

दोन, नवेपणा. नव्या टायरची नक्षी खोल असते, रबर जास्त असतं, ते जास्त दबतं. त्यामुळे कुठलाही नवा टायर सुरुवातीला थोडं जास्त पेट्रोल खातो. म्हणून मी दहा हजार किलोमीटर थांबलो. तेव्हा सरासरी आली १७.२.

म्हणजे १८.२ चे १७.२. साडेपाच टक्के. त्यातला एक टक्का मीटरचा काढा. खाली उरतात चार-साडेचार टक्के. हा निव्वळ टायरचा खर्च. इथेनॉलवर आपण ज्यासाठी रस्त्यावर यायला निघालो होतो, जवळपास तोच आकडा.

हे कसं होतं ते दोन ओळीत सांगतो. टायर रस्त्यावर टेकतो तिथे तो चपटा होतो, पुढे गेला की परत गोल होतो. एका मिनिटात असं शेकडो वेळा. प्रत्येक वेळी रबर दाबायला जेवढी ताकद लागते तेवढी परत मिळत नाही. उरलेल्या ताकदीची उष्णता होते. महाबळेश्वरहून खाली आलात की टायरला हात लावून बघा, गरम लागेल. त्यात ऊन आणि ब्रेक असतातच, पण रबराची ही दाबादाबीही असते. ती उष्णता तुमच्या पेट्रोलची आहे. पैसे तुमचे, तापतोय रस्ता.

युरोपियन युनियनच्या कायद्यातच लिहिलंय की गाडीच्या इंधनापैकी २० ते ३० टक्के इंधन टायरपायी जातं. मुख्य कारण हेच. आणि सगळे टायर सारखे नसतात. तिकडे टायरला 'ए' पासून 'ई' पर्यंत श्रेणी असते. कारच्या 'ए' टायरला एक टन वजन ढकलत ठेवायला साडेसहा किलोपर्यंत जोर लागतो. 'डी' टायरला साडेदहा किलोपर्यंत. तोच आकार, तीच गाडी, आणि ओढायला निम्म्याहून जास्त जोर वाढला. साधा ठोकताळा असा की टायरचा हा विरोध १० टक्के कमी झाला की इंधन १ ते २ टक्के वाचतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २००६ साली हाच आकडा दिला होता. म्हणजे चांगल्या आणि वाईट टायरमध्ये ३ ते ६ टक्क्यांचा खेळ सहज आहे.

आता हे रुपयांत बघू. वही काढा.

टायरचा एक सेट ४०,००० किलोमीटर चालतो असं धरा. गाडी १८ देते असं धरा. पेट्रोल १०४ रुपये धरा. तेवढ्या अंतराला लागलं २,२२२ लिटर. झाले दोन लाख एकतीस हजार रुपये. टायरच्या आयुष्यात गाडी एवढं पेट्रोल पिते. आणि त्या टायरची किंमत किती? अठरा-वीस हजार. म्हणजे टायर घेताना आपण घासाघीस करतो ती वीस हजारांवर, आणि त्याच निर्णयावर सव्वादोन लाखांचं बिल अवलंबून असतं, त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

चार टक्के म्हणजे नऊ हजार दोनशे. एका टायरवर दुकानदाराने दोनशे रुपये कमी केले की आपण खूश होतो. आठशे वाचवले म्हणून घरी येऊन सांगतो. आणि नऊ हजार धुरात.

अजून एक गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वीस हजारांच्या सेटवर सुमारे दीड हजार रुपये वाचले. पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, दुकानांवर फलक लागले. चांगलं झालं, स्वागत आहे. पण ज्या सरकारने दीड हजार दिले, त्याच सरकारने एक साधं लेबल सक्तीचं केलं असतं तर त्याच्या सहापट वाचले असते. सरकारी तिजोरीतून एक रुपया न जाता. त्याचे फलक कुणी लावले नाहीत, कारण ते झालंच नाही.

आता लेबलचं सांगतो, कारण मूळ दुखणं तिथेच आहे.

तुमच्या घरात फ्रिज आहे. त्यावर तारे आहेत. एसीवर आहेत. २०२३ पासून छताच्या पंख्यावरही तारे सक्तीचे आहेत. अहो, पंखा! सत्तर-पंच्याहत्तर वॅटचा पंखा. वर्षाकाठी काहीशे रुपयांचा मामला. त्याला तारे लावल्याशिवाय विकता येत नाही, आणि तसंच पाहिजे. हे करणारी संस्था म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, केंद्र सरकारची. त्याच संस्थेने टायरसाठीही ताऱ्यांची योजना आणली. पण ती आणली ऐच्छिक म्हणून. ज्या कंपनीला वाटेल तिने लावावं, ज्याला नको त्याने लावू नये.

ऐच्छिक लेबल म्हणजे काय ते समजून घ्या. ज्या पोराला ९० टक्के पडलेत तो मार्कशीट दाखवतो. ज्याला ३६ पडलेत तो म्हणतो, दाखवणं ऐच्छिक आहे ना? मग राहू दे. आपल्याला खरी गरज छत्तीसवाल्याची मार्कशीट बघायची आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. जून २०२२ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम काढला. टायरचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज, या तिन्हींना किमान मर्यादा घातल्या. नव्या डिझाइनच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बनत असलेल्यांना २०२३ पासून. हे चांगलं पाऊल होतं. पण ती झाली पास-नापासची रेषा. पस्तीसला पास. त्या रेषेच्या वर कोण पंच्याण्णवला आहे आणि कोण काठावर आहे, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. कंपनीकडे आकडा आहे, कारण चाचणी केल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. मंजुरी देणाऱ्याला माहीत आहे. माहीत नाही फक्त त्याला, ज्याच्या खिशातून पेट्रोलचे पैसे जातात.

चाचणी झालेली आहे. आकडा कागदावर आहे. तो फक्त टायरवर चिकटवायचा आहे. यात अवघड काय आहे?

युरोपमध्ये नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचं आहे. इंधन, ओल्या रस्त्यावर पकड, आवाज. २०२१ ला ते सुधारून अजून सोपं केलं. बारा-चौदा वर्षं झाली. तिथला गिऱ्हाईक काही आपल्यापेक्षा हुशार नाही. त्याच्यासमोर माहिती ठेवली एवढंच.

आता ही मेख बघा. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिचे टायर बहुतेक चांगले हलके चालणारे असतात. का? कारण गाडी बनवणाऱ्या कंपनीवर सरकारचा दट्ट्या आहे. तिने विकलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी इंधनखर्च एका मर्यादेत ठेवावा लागतो. हा नियम २०१७ ला आला, २०२२ ला कडक झाला. म्हणून गाडी कंपनी टायर कंपनीला सांगते, मला विरोध कमी असलेला टायर दे. मिळतो. मग ते टायर घासतात. दुसरा सेट घ्यायला तुम्ही बाजारात जाता. तिथे हा दट्ट्या नाही. तिथे टायर ठरतो स्टॉकवर, स्कीमवर आणि मार्जिनवर. वर्षाअखेरीस कुठल्या कंपनीची दुकानदाराला कुठल्या सहलीची ऑफर आहे, तो टायर "सगळ्यात बेस्ट" असतो.

गाडी दहा-पंधरा वर्षं चालते. त्यातली पहिली तीन-चार वर्षं सरकारचं लक्ष आहे, पुढची सगळी वर्षं रामभरोसे. कॅलिफोर्नियाने ही भानगड २००३ साली ओळखली आणि कायदा केला की बदली टायर सरासरीने मूळ टायरइतकेच काटकसरी असले पाहिजेत. अंमलबजावणी तिथेही वर्षानुवर्षं रखडली, ते सोडा. पण निदान प्रश्न तरी विचारला. आपल्याकडे विधानसभेत, लोकसभेत टायरच्या लेबलवर कुणी भांडताना मी तरी ऐकलं नाही. जो देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त खनिज तेल बाहेरून विकत आणतो, त्या देशात.

आता काही जण म्हणतील, त्यांची उत्तरं आधीच देतो.

"आमच्या रस्त्यांवर खड्डे एवढे, टायरचे तारे काय चाटायचेत?" खड्ड्यांबद्दल माझ्या किती पोस्ट झाल्यात ते तुम्हाला माहीत आहे. पण खड्डा आहे म्हणून खिशालाही भोक पाडून घ्यायचं हा कुठला न्याय? आणि पुणे-बंगळूर हायवेवर, समृद्धीवर तर खड्ड्याचं कारण सांगता येत नाही. तिथे ताशी शंभरने जाताना टायर सतत तापत असतो.

"हलका चालणारा टायर म्हणजे गुळगुळीत टायर. पावसात घसरेल." हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. पूर्वी असंच होतं. विरोध कमी केला की ओल्यात पकड कमी व्हायची. म्हणूनच १९९० नंतर रबरात काजळीऐवजी सिलिका वापरायला सुरुवात झाली. त्यातून दोन्ही जमायला लागलं, हलकं चालणं आणि ओल्या रस्त्यावर धरून राहणं. पण ते तंत्र महाग असतं, आणि स्वस्तात फक्त एकच बाजू सांभाळलेले टायर निघू शकतात. जुलैमध्ये आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट उतरताना मला पेट्रोल वाचवणारा पण ब्रेक न धरणारा टायर नको आहे. कुणालाच नको. पण हे मला दुकानात कळणार कसं? म्हणूनच लेबलवर दोन्ही आकडे ठळक पाहिजेत, पेट्रोलचा आणि पकडीचा. ज्यांना सुरक्षेची काळजी आहे त्यांनी लेबलला विरोध नाही, आग्रह धरला पाहिजे.

"गरीब माणूस स्वस्त टायर घेतो, त्याला कशाला छळता?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्वस्त टायरचा सगळ्यात मोठा फटका गरिबालाच बसतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा टुरिस्ट परमिटवर सातसीटर चालवतो, सीएनजीवर. महिन्याला पाच हजार किलोमीटर. वर्षाला साठ हजार. मी त्याच्याबरोबर बसून हिशोब केला. किलोला वीस देते, गॅस नव्वद रुपये धरला, वर्षाचा गॅस दोन लाख सत्तर हजार. त्यातले चार टक्के म्हणजे दहा हजार आठशे. दर वर्षी. तो म्हणाला, "काका, पोरीची शाळेची फी आहे ही." त्याने टायर घेताना चार टायरमागे बाराशे रुपये वाचवले होते. टायर कुठला, तर दुकानदार म्हणाला तो. मी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणारा माणूस, मला नऊ हजाराचा फटका तीन-चार वर्षांत बसतो. त्याला एका वर्षात त्याहून जास्त. माहिती लपवली की मार नेहमी खालच्यालाच बसतो.

आता आपल्याकडेही बोट दाखवतो, नाहीतर म्हणाल सगळं सरकारवर ढकललं.

हवा. शेवटची कधी चेक केली? खरं सांगा. सर्व्हिसिंगला गाडी गेली तेव्हा. सहा महिने झाले. टायरची हवा महिन्याला थोडी थोडी कमी होतच असते, पंक्चर नसलं तरी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे, चारही टायरमध्ये सरासरी एक पॉइंट हवा कमी झाली की मायलेज ०.२ टक्के पडतं. ३३ च्या जागी २७ असेल तर सव्वा टक्का. वर टायरच्या कडा आधी घासतात, म्हणजे चाळीस हजाराचा टायर तीसलाच बदला. आणि कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि हायवेवर फुटतो. समृद्धीवर टायर फुटून किती संसार उद्ध्वस्त झाले ते आपण वाचतो. मध्यंतरी घासलेल्या टायरच्या गाड्यांना समृद्धीवर प्रवेशच नाकारला जात होता, तो उगाच नाही.

आणि हवा भरायला जावं तर पंपावर काय ऐकू येतं? "मशीन बंद आहे." "पोरगा जेवायला गेलाय." पेट्रोल पंपावर मोफत हवा देणं तेल कंपन्यांच्या नियमानुसार बंधनकारक आहे. उपकार नाही, दहा रुपयांची टीप देऊन मिळवायची गोष्ट नाही. माझी विनंती आहे, मशीन बंद असेल तर तक्रारवही मागा. प्रत्येक पंपावर ती असायलाच हवी. दोन ओळी लिहा. मी आजवर तीनदा लिहिलंय. त्यातल्या दोन ठिकाणी पुढच्या वेळी मशीन चालू होतं.

नायट्रोजनचं म्हणाल तर, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरमागे पन्नास रुपये देऊन उरलेले बावीस टक्के विकत घेणं वाईट नाही, पण त्यानंतर "नायट्रोजन आहे, बघायला लागत नाही" असं म्हणून सहा महिने हवाच न बघणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तो मी केलाय.

आणि रुंद टायर. शेजाऱ्याला गाडी भारदस्त दिसावी म्हणून मी वर्षाला दोन-अडीच हजार रुपयांचं पेट्रोल जाळतोय. शेजारी एकदाच "छान दिसतेय" म्हणाला. महाग पडलं ते वाक्य.

तर मागण्या काय? मी चार मांडतो. तुम्ही भर घाला.

१. टायरवरचे तारे सक्तीचे करा. कार, टेम्पो, ट्रक, सगळ्यांना. इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड, दोन्ही आकडे, टायरवर स्टिकर आणि दुकानात फलक. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही तोच नियम.

२. चाचणीचा आकडा मंत्रालयाने वेबसाइटवर जाहीर करावा. कंपनी, मॉडेल, आकार टाकला की दिसला पाहिजे. मराठीतसुद्धा.

३. सरकारी गाड्या, एसटी, महापालिकेच्या बस, कचरागाड्या, यांचे टायर घेताना टेंडरमध्ये फक्त टायरची किंमत बघू नका. किंमत अधिक त्याच्या आयुष्यात लागणारं डिझेल, असा एकत्र हिशोब करा. ते डिझेल आपल्याच तिकिटातून आणि घरपट्टीतून येतं.

४. पंपावरची मोफत हवा खरोखर चालू आहे का, याची तपासणी करा आणि निकाल जाहीर करा. वजन-मापाचे निरीक्षक लिटर मापायला येतात, हवेचा गेज बरोबर आहे का हेही बघा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? टायर घ्यायला जाल तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकारच घ्या. रुंदीचा मोह सोडा. ताऱ्यांचं लेबल असलेला टायर आहे का विचारा. दुकानदार म्हणेल, "असं काही नसतं." तरी विचारा. दिवसात दहा जणांनी विचारलं तर अकराव्या दिवशी तो कंपनीच्या माणसाला विचारेल. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते ती वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी गार असताना हवा बघा. आणि एक स्वस्तातली वही घेऊन टाकी ते टाकी हिशोब लिहा. बायको हसेल. हसू दे.

परवा मी त्याच दुकानात गेलो होतो, स्टेपनीला पंक्चर होतं म्हणून. वही बरोबर नेली आणि दुकानदाराला आकडे दाखवले. त्याने शांतपणे बघितले. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगू? आम्हाला पण कंपनी हे सांगत नाही. आम्हाला साइज, रेट आणि स्कीम एवढंच येतं. मला माहीत असतं तर मी तुम्हाला कशाला फसवलं असतं?"

माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्यालाही माहीत नव्हतं. आकडा आहे, चाचणी झालेली आहे, कंपनीला माहीत, सरकारला माहीत. विकणाऱ्याला नाही आणि विकत घेणाऱ्याला नाही. ही व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे, ते तुम्हीच ठरवा.

आपले खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांना एवढा एकच प्रश्न विचारा: पंख्याला तारे सक्तीचे, मग टायरला का नाही? उत्तर आलं तर इथे टाका. मीही पत्र पाठवतोय, उत्तर आलं किंवा नाही आलं, दोन्ही इथे सांगेन.

आणि तुमच्या गाडीचा टायर बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा कमेंटमध्ये लिहा. आकारासकट. उगाच "माझी तर बावीस देते" नको, टाकी ते टाकी मोजलेला आकडा द्या.